दुखण्याची गोळी रोज घ्यायची वेळ आली तर

"भाऊ, ती कंबरेची गोळी द्या. मागच्या टायमाची."

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी २२ वर्षं मेडिकल चालवतो आणि हे वाक्य दिवसातून कितीदा ऐकतो याची गणती नाही. मागणारा कधी ऊसतोडीवरून परतलेला असतो, कधी एसटीचा ड्रायव्हर, कधी नातवाला कडेवर घेतलेली आजी. गोळीचा रंग सगळ्यांना माहीत असतो, पाकीट कसं चमकतं तेही माहीत असतं. नाव मात्र कुणाला माहीत नसतं. गोळीत काय आहे, ती किती दिवस चालवायची आणि कुणी घेऊ नये, हे तर त्याहून लांब राहिलं.

हा लेख त्यांच्यासाठी आहे, ज्यांना डॉक्टरांनी नुकतीच दुखण्याची गोळी लिहून दिली आहे आणि ती महिनोनमहिने चालेल असं दिसतंय. तीन महिन्यांहून जास्त टिकलेल्या दुखण्याला जुनाट दुखणं म्हणतात. गुडघे, कंबर, मान, साखरेमुळे होणारी पायांची आग, चिकुनगुनियानंतर धरून राहिलेले सांधे, असं काहीही त्यात येतं. मी डॉक्टर नाही, त्यामुळे डोस ठरवणं माझं काम नव्हे. पण चिठ्ठी आणि पोट यांच्या मधोमध मी उभा असतो आणि तिथून जे दिसतं ते सांगणं मला गरजेचं वाटतं.

एक गोष्ट आधीच सांगतो. या गोळ्या म्हणजे विष आहे असं मी अजिबात म्हणणार नाही. रात्रभर कूस बदलत काढणारी बाई नीट गोळी मिळाल्यावर झोपते, सकाळी उठून भाकरी थापते, चार घरी बोलून येते. हा फायदा खरा आहे आणि मोठा आहे. दुखणं सोसण्यात काही पुण्य नाही.

पहिली पायरी: दुखण्याची जात ओळखा

डॉक्टरांसमोर बसल्यावर आपण "लई दुखतंय" एवढंच बोलतो. त्यातून त्यांना फारसं कळत नाही. दुखणं कसं आहे ते सांगा, शब्द आपल्याकडे भरपूर आहेत. ठणका लागतो, सांधा सुजतो, सकाळी आखडलेला असतो आणि थोडं चालल्यावर मोकळा होतो, असं असेल तर ते बहुतेक सांध्याचं, स्नायूचं किंवा सुजेचं दुखणं. आग होते, मुंग्या येतात, विजेसारखी चमक कंबरेतून पायात उतरते, तळवा बधिर पडतो, असं असेल तर नस दुखावलेली असू शकते. या दोन्हींची औषधं वेगळी आहेत. नसेच्या आगीवर सुजेच्या गोळ्या वर्षभर खाणारी माणसं मी पाहिली आहेत. आग तशीच राहते आणि पोट बिघडतं ते वेगळंच.

कारणही विचारा. आपल्याकडे नांदेडसारख्या जिल्ह्यांत काही गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. असं पाणी वर्षानुवर्षं प्यायलं की हाडं आणि पाठीचा कणा ताठतो. तिथे गोळीच्या आधी पाणी बदलावं लागतं. ड जीवनसत्त्व कमी असणं किंवा संधिवाताची सुरुवात, अशी कारणंही गोळीखाली झाकली जातात.

काही खुणा दिसल्या तर गोळी मागत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. लघवी किंवा संडासवरचा ताबा सुटणं, मांड्यांमधली जागा बधिर होणं, पायातली ताकद जाणं, पडल्यानंतर उठलेली कळ, दुखण्यासोबत ताप किंवा वजन उतरणं, या त्या खुणा.

दुसरी पायरी: पाकीट उलटं करा

समोरच्या बाजूला कंपनीनं ठेवलेलं नाव असतं. खरं औषध मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. तिथे एसिक्लोफिनॅक १०० मिलिग्रॅम, पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम असं काहीतरी दिसेल. कधी त्यात सेराशिओपेप्टिडेज असतं, तर कधी क्लोरझोक्साझोनसारखं स्नायू सैल करणारं औषध. इंग्रजी वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या लेकराकडून वाचून घ्या आणि वहीत मराठीत लिहून ठेवा.

एवढा खटाटोप कशाला? कारण एकच औषध दोन वेगळ्या नावांनी पोटात जातं. कंबरेसाठी एका डॉक्टरांची गोळी, दातासाठी दुसऱ्यांची, वर तापाची ६५० ची गोळी घरातलीच. तीन पाकिटं, तीन रंग, आणि तिन्हींत पॅरासिटामॉल. धडधाकट मोठ्या माणसाला सगळं मिळून दिवसात ४ ग्रॅमच्या वर पॅरासिटामॉल जाता कामा नये. जो दारू पितो, ज्याचं वजन कमी आहे किंवा ज्याला कावीळ होऊन गेली आहे, त्याची मर्यादा त्याहून खाली असते आणि ती डॉक्टरांनीच ठरवायची. जास्त झालेलं पॅरासिटामॉल यकृत निकामी करतं, आणि पहिले एक-दोन दिवस काही कळतसुद्धा नाही.

तसंच डायक्लोफिनॅक, एसिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, नेप्रोक्सेन आणि इटोरिकॉक्सिब ही सगळी सुजेच्या गोळ्यांच्या एकाच घरातली भावंडं. यातली दोन एका वेळी घेतल्यानं दुखणं दुप्पट थांबत नाही, धोका मात्र वाढतो.

तिसरी पायरी: मूत्रपिंड आणि आपला उन्हाळा

इथे मला जरा थांबायचंय, कारण मराठवाड्यात राहणाऱ्यांसाठी हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे.

कालव्याला पाणी कमी असलं की शेवटच्या शेतापर्यंत पोचावं म्हणून चारीचं दार पूर्ण उघडं ठेवावं लागतं. शरीराचंही तसंच आहे. अंगातलं पाणी कमी झालं की मूत्रपिंडाकडे जाणारी रक्तवाहिनी रुंद ठेवायचं काम प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं करतात. नेमकी हीच द्रव्यं सूज आणि दुखणंही वाढवतात. डायक्लोफिनॅकच्या घरातल्या गोळ्या ती द्रव्यं बनूच देत नाहीत. त्यामुळे दुखणं कमी होतं, पण चारीचं दारही लोटलं जातं. अंगात पाणी भरपूर असेल तर मूत्रपिंड निभावून नेतं. एप्रिल-मे महिन्यात पारा ४२ च्या वर, टँकरची वाट, दिवसभर उन्हात काम, आणि आडोसा नाही म्हणून बायका मुद्दाम पाणी कमी पितात. अशा अंगावर रोज दोन गोळ्या पडल्या तर मूत्रपिंडाला पाणी मिळायचं कुठून?

काही वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये चाळिशीचा एक ऊसतोड कामगार माझ्याकडे आला. पायावर सूज होती, चेहरा उतरलेला. सहा महिने फडावर रोज सकाळी एक आणि रात्री एक गोळी खाल्लेली. टोळीत गोळ्यांचा डबाच असायचा, ज्याला दुखेल त्यानं घ्यायची. त्यानं पुन्हा तीच गोळी मागितली. मी दिली नाही, रक्त तपासायला पाठवलं. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड नीट चालतंय का ते सांगणारं रक्तातलं द्रव्य, वाढलेलं निघालं. गोळी बंद झाल्यावर त्याचं मूत्रपिंड बरंचसं सावरलं, पण सगळ्यांचं असं सावरत नाही. मूत्रपिंड बिघडताना दुखत नाही, हीच त्यातली मोठी अडचण आहे.

गिधाडांची गोष्ट आठवते का? आपल्या माळावरची गिधाडं दिसेनाशी झाली, त्यामागे हेच डायक्लोफिनॅक होतं. जनावराला टोचलेलं औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात जायचं आणि त्याचं मूत्रपिंड बंद पडायचं. २००६ साली भारतात जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर बंदी आली. माणसाचं शरीर हे औषध गिधाडापेक्षा कितीतरी चांगलं पचवतं, म्हणून घाबरून जाऊ नका. पण या औषधाचा जोर कुठे चालतो, ते यातून कळतं.

मग करायचं काय? गोळी रोज सुरू होणार असेल तर आधी रक्तातलं क्रिएटिनिन, लघवी आणि बीपी तपासून घ्या. पुन्हा कधी तपासायचं ते डॉक्टरांना विचारून तारीख लिहून ठेवा. जुलाब, उलट्या, ऊन लागणं किंवा खडक उपवास असेल त्या दिवशी ही गोळी घेऊ नका. लघवी कमी झाली किंवा पायावर सूज आली तर गोळी थांबवा आणि दवाखान्यात जा.

बीपीच्या गोळ्या चालू असतील तर जास्त सांभाळायचं. टेलमिसार्टन किंवा रॅमिप्रिल, त्यात लघवी वाढवणारं औषध, आणि वरून दुखण्याची गोळी, हे त्रिकूट मूत्रपिंडाला फार जड जातं. पुष्कळदा बीपीच्या एकाच गोळीत पहिली दोन्ही असतात आणि घेणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो. म्हणून डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या. तोंडी सांगण्यावर राहू नका.

चौथी पायरी: पोट आणि हृदय

वर सांगितलेली द्रव्यं पोटाच्या आतल्या अस्तरालाही जपतात. ती कमी झाली की जखम होते. गोळी जेवल्यावर घ्या. वय साठीच्या पुढे असेल, आधी अल्सर झालेला असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर पित्ताची गोळी सोबत लागेल का ते विचारा. संडास डांबरासारखी काळी झाली किंवा उलटीत कॉफीसारखा चोथा दिसला, तर आतून रक्त जातंय असं समजा आणि १०८ ला फोन करा.

"इंजेक्शन टोचून द्या, म्हणजे पोटाला त्रास नाही" हा गैरसमज मी रोज ऐकतो. औषध रक्तातूनच काम करतं, त्यामुळे कमरेत टोचलं तरी पोटावर तोच परिणाम होतो. शिवाय चुकीच्या जागी टोचलं तर नस दुखावून पाऊल लुळं पडू शकतं.

हार्ट अटॅक येऊन गेला असेल, स्टेंट बसवला असेल, तर या घरातली कोणतीही गोळी स्वतःच्या मनानं घेऊ नका. रोफेकॉक्सिब नावाची दुखण्याची गोळी हृदयाच्या धोक्यामुळे २००४ साली जगभरातून मागे घ्यावी लागली होती. गरोदर बाईनंही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, विशेषतः पाचव्या महिन्यानंतर. पावसाळ्यात तापासोबत अंग मोडून आलं तर डेंग्यू नाही हे कळेपर्यंत फक्त पॅरासिटामॉल, कारण बाकीच्या गोळ्यांनी रक्तस्राव वाढतो.

पाचवी पायरी: नसेची गोळी असेल तर धीर धरा

चिठ्ठीवर प्रिगाबॅलिन, गाबापेंटिन, अ‍ॅमिट्रिप्टिलिन किंवा ड्युलॉक्सेटिन असेल, तर ती नसेच्या दुखण्यासाठी दिलेली आहे. यातली काही औषधं उदासीवरही देतात. "डॉक्टरांनी मला येड्याची गोळी दिली" म्हणून चिडून परत आलेले लोक मी समजावले आहेत. कमी मात्रेत ती नसांमधून येणारा दुखण्याचा संदेश मंद करते, एवढंच.

तिचा गुण दोन दिवसांत दिसत नाही, कित्येकदा महिना-दीड महिना लागतो. सुरुवातीला झोप येते, तोल जातो, म्हणून पहिले काही दिवस ट्रॅक्टर, मोटारसायकल आणि विहिरीचा काठ टाळा. प्रिगाबॅलिननं पाय सुजू शकतात, वजन वाढू शकतं. बरं वाटलं म्हणून एकदम बंद करू नका, डॉक्टरांकडून हळूहळू कमी करून घ्या.

सहावी पायरी: ट्रामाडॉल हाती आलं तर

ट्रामाडॉल आणि टॅपेंटाडॉल ही अफूच्या जातीची औषधं. ट्रामाडॉलच्या पाकिटावर लाल चौकट असते. २०१४ पासून अशा औषधांसाठी आम्हाला वेगळं रजिस्टर ठेवावं लागतं. त्यात डॉक्टरांचं नाव, पेशंटचं नाव आणि किती गोळ्या दिल्या ते लिहायचं आणि तीन वर्षं जपून ठेवायचं. २०१८ पासून ट्रामाडॉल अंमली पदार्थांच्या कायद्याखालीही आलं. म्हणून मेडिकलवाल्यानं चिठ्ठी मागितली तर रागावू नका. आणि जो चिठ्ठीशिवाय देतो, तो तुमच्यावर उपकार करत नाही.

ऑपरेशननंतर किंवा हाड मोडल्यावर थोडे दिवस यांचा उपयोग चांगला होतो. वर्षानुवर्षांच्या कंबरेला आणि गुडघ्याला मात्र ती फार कामाची नाहीत. २०१८ साली अमेरिकेत २४० जणांवर वर्षभर चाललेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कंबर, गुडघा किंवा खुबा दुखणाऱ्या निम्म्यांना अफूच्या जातीची औषधं दिली आणि निम्म्यांना साधी. रोजची कामं करण्यात अफूवाले पुढे गेले नाहीत, आणि त्यांना त्रास मात्र जास्त झाला.

सवय कशी लागते तेही समजून घ्या. महिनाभरानं तीच गोळी कमी पडू लागते. एक दिवस चुकली तर घाम येतो, अंग तुटतं, जीव घाबरतो, आणि माणसाला वाटतं की दुखणंच वाढलं. तो आणखी एक घेतो. हे कुणा वाईट माणसाचं होतं असं नाही. चिठ्ठीप्रमाणे घेणाऱ्या सरळमार्गी माणसाचंही होतं. कुणाच्या घरी असं झालं असेल तर लाज धरू नका. डॉक्टरांना सांगून मात्रा उतरवत नेता येते. मनाचा धीर सुटत असेल तर १४४१६ या टेली-मानसच्या, म्हणजे मनाच्या त्रासासाठी असलेल्या सरकारी सेवेच्या, फुकट नंबरवर मराठीत बोलता येतं.

दारू किंवा झोपेची गोळी घेऊन वर ट्रामाडॉल घेतलं तर श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. फिट येणाऱ्यांनी आणि उदासीची औषधं घेणाऱ्यांनी डॉक्टरांना तसं आधीच सांगावं. बद्धकोष्ठ होतंच, त्यासाठी औषध सुरुवातीलाच मागून घ्या. आणि डबा लेकरांच्या हाताला लागू देऊ नका.

कॅन्सरच्या दुखण्याची गोष्ट मात्र पूर्ण वेगळी आहे. तिथे मॉर्फिन, म्हणजे अफूच्या जातीचंच जोरदार औषध, ही गरज आहे. "सवय लागेल" म्हणून शेवटच्या महिन्यांत माणसाला तळमळत ठेवणं मला पाहवत नाही. २०१४ साली कायदा बदलला, तो अशा रुग्णांना मॉर्फिन सोपेपणानं मिळावं म्हणूनच. आमच्यासारख्या साध्या मेडिकलवर ते बहुधा मिळत नाही. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात किंवा आपल्या जिल्हा रुग्णालयात पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे मोठ्या आजारात दुखणं आणि त्रास कमी करणाऱ्या उपचाराची, चौकशी करा आणि स्पष्ट शब्दांत मागा.

सातवी पायरी: पुडी कितीही गुणकारी असली तरी नको

आठवडी बाजारात, जत्रेत किंवा "गुडघ्याचा स्पेशालिस्ट" म्हणवणाऱ्या बिनडिग्रीच्या माणसाकडे बिननावाची पुडी मिळते. दोन दिवसांत म्हातारी पळायला लागते. एवढ्या झपाट्यानं गुण आला तर त्यात डेक्सामेथासोन किंवा बीटामेथासोनसारखं स्टेरॉइड असण्याची शंका धरा. काही महिन्यांनी चेहरा गोल होतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. इथे एक अडचण आहे. बरेच दिवस घेतलेलं स्टेरॉइड एकदम थांबवलं तर बीपी कोसळून माणूस दगावू शकतो. म्हणून पुडी फेकून देऊ नका. ती घेऊन सरकारी दवाखान्यात जा आणि किती महिने घेतली ते खरं सांगा. तुम्हाला कुणी ओरडलं तरी सांगा.

आठवी पायरी: गोळीचा हिशोब कामात मांडा

दुखणं शून्यावर येईल अशी आशा धरली की माणूस गोळ्या वाढवत जातो. जुनाट दुखण्यात गोळीनं साधारण तिसरा हिस्सा दुखणं उतरलं तरी तो चांगला गुण समजतात. म्हणून वहीत तीन गोष्टी लिहा: आज काय करता आलं जे आधी जमत नव्हतं, रात्री किती झोप लागली, किती गोळ्या घेतल्या. "मारुतीच्या देवळापर्यंत चालत गेले" ही नोंद डॉक्टरांना दहा तपासण्यांइतकी उपयोगी पडते. सुजेच्या गोळीनं दोन आठवड्यांत काहीच फरक नसेल तर ती पुढे ओढण्यात अर्थ नाही, परत जाऊन सांगा.

फक्त गुडघा किंवा हाताची बोटं दुखत असतील तर डायक्लोफिनॅकचं जेल आधी विचारा. गोळीच्या मानानं त्यातलं फार थोडं औषध रक्तात जातं. खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, पाच आकडे मोजेपर्यंत धरायचा, खाली घ्यायचा, असं दहा वेळा सकाळ-संध्याकाळ केलं तर मांडीचे स्नायू गुडघ्याचा भार उचलू लागतात. हे फुकट आहे, म्हणूनच बहुधा कुणी मनावर घेत नाही. माझ्या आईनं घेतलं. तिची रोजची गोळी आठवड्यातून दोनवर आली.

खर्चाचं म्हणाल तर तेच औषध जनऔषधी केंद्रात बरंच स्वस्त मिळतं. पाकिटामागचं नाव दाखवायचं, कंपनीचं नाही. गोळीनं अंगावर पुरळ, सूज किंवा दुसरा काही विचित्र त्रास झाला तर दवाखान्यात दाखवाच, आणि १८०० १८० ३०२४ या सरकारी नंबरवर कळवा. तो नंबर औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेण्यासाठीच आहे.

टोळी निघण्याआधी

दिवाळीच्या आसपास गाड्या भरू लागल्या की माझ्या दुकानात गर्दी होते. सहा महिन्यांच्या गोळ्या एकदम मागतात. त्या मी देत नाही, आणि तुम्हीही मागू नका. निघण्याआधी क्रिएटिनिन आणि बीपी तपासून कागद सोबत घ्या. डॉक्टरांना सांगा की मी उन्हात मोळ्या वाहणार आहे आणि पाण्याची सोय पक्की नाही. त्यावरून ते औषध बदलूही शकतात. ओआरएसची पाकिटं गोळ्यांपेक्षा जास्त न्या. मुकादमाच्या डब्यातली गोळी घेऊ नका आणि आपली दुसऱ्याला देऊ नका, त्याच्या बीपीचं आपल्याला काय माहीत? चार-सहाच गोळ्या कापून घेत असाल तर मेडिकलवाल्याला औषधाचं नाव आणि मुदतीची तारीख पाकिटावर पेनानं लिहून द्यायला सांगा. दोन मिनिटं लागतात, आम्ही लिहून देतो.